सोडलेला रविवार

साहेब, तुम्ही फसवलंत. पाण्याचा घोट घेऊन, घसा साफ करून, बजेट वाचताना सगळ्यांदेखत टीव्हीवर म्हणालात की कमी कमाईवाल्यांना करात भरघोस सूट दिली, आता त्यांच्या हातात चार पैसे जास्त राहतील. धाकटीनं ते हॉटेलच्या लॉन्ड्रीत उभ्या उभ्या ऐकलं. तिच्याहून कमी कमाईचं तिथं कुणीच नव्हतं. म्हणजे तुम्ही तिच्याशीच बोलत होता. तिनं त्याच दिवशी रविवारची पाळी सोडली.

आज पगार होता.

पगाराच्या दिवशी बायका एकेक करून हिशेबनिसाच्या खिडकीशी जातात. जिची जोडीदारीण गेली असेल तिच्यासमोर तेवढा वेळ मुकादमीण उभी राहते, कारण डबल बेडच्या चादरीची घडी एकटीला होत नाही. इथली मुकादमीण म्हणजे धाकटीची थोरली जाऊ. छप्पर एक, चुली दोन.

धाकटी पाकीट घेऊन आली, तिची जोडीदारीण खिडकीकडे गेली. थोरलीनं समोरची टोकं धरली.

"किती वाढले गं?"

"काही नाही."

"असं कसं? विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाला, बाई, तुमचा कर कधी कापलाच जात नव्हता, मग सूट कशातून देऊ? वर हसला मेला. म्हणे, तुम्ही आधीपासूनच सुटलेल्या."

थोरलीलाही हसू आलं होतं. ते तिनं तोंडातच दाबलं. दोघी पुढं आल्या, टोकाला टोक भिडलं, दोघी मागं सरल्या. धाकटीनं पाहिजे त्यापेक्षा जोरात ओढलं.

"आणि तुमचे, ताई?"

"वाढले की. थोडेसेच."

थोडेसेच. दर पगाराला ही बाई उंबऱ्यात उभी राहून स्लिप नाचवायची, बघ गं धाकटे, किती कापलाय कर, गळाच कापायचा बाकी ठेवलाय. धाकटी भांडी घासता घासता ऐकायची आणि तिच्या पोटात दुखायचं. लोक जावेच्या दागिन्यांवर जळतात. ही जावेच्या करावर जळायची. आपलं कुणी काही कापून न्यावं, एवढीही आपली ऐपत नाही. आणि आता तो कापलेला पैसाही फिरून पडला कुठं, तर जावेच्याच पदरात.

पुढची चादर. ती इस्त्रीच्या रोलरवरून गरमच आली होती. धाकटी नुसती धरून उभी राहिली.

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," थोरली म्हणाली. "बोल काय ते."

"माझा रविवार परत द्या."

"तो दिला ना रोलरवरच्या मावशीला. तूच म्हणालीस, आता नको, दर रविवारी पोरीला भेटायला जाईन. आता तिच्या तोंडचा काढून घेऊ?"

धाकटीची पोर दूरच्या वसतिगृहात शिकत होती. तिचा तिथला खर्च रविवारच्या पाळीवर चालायचा, आणि तिची भेट फक्त रविवारीच होत असे, फाटकाशी. रविवारी आई राबली तर पोर तिथं राहू शकते. आई भेटायला गेली तर राहू शकत नाही. साहेबांच्या भरवशावर धाकटीनं फोनवर सांगून टाकलं होतं, मी येतेय, आता दर रविवारी येणार. पोर एवढंच म्हणाली होती, "नक्की ना? मागच्यासारखं नको."

"खर्च कशातून भरू, ताई?"

थोरलीनं कंबर ताठ केली. मग म्हणाली, "माझा रविवार घे."

"तुमचा?"

"मी सोडतेय. त्या दिवशी मुकादमकीही नसते, घडीचंच काम. कंबर राहिली नाही माझी. इतके दिवस कर कापून हातात काय यायचं म्हणून रेटत होते. आता परवडतं. तू घे, घरातल्या घरात राहील."

चादर दोघींच्या मधे ताणलेली राहिली.

"जळतेस ना माझ्यावर?"

"जळते."

"मी मागायला गेले होते का कुणाकडं? आलं ते घेतलं."

"मी तरी कुठं गेले होते? देतो म्हणाले, म्हणून हात पुढं केला."

थोरली वाईट बाई नव्हती. वाईट असती तर धाकटीचं काम सोपं झालं असतं. थोरलीनं चादरीची मधली चुणी झटकून सरळ केली आणि मनापासून म्हणाली, "पोरीची नको काळजी करूस. मी मोकळीच आहे आता. रविवारी मी जाऊन येत जाईन. काकू दिसली तरी बरं वाटेल लेकराला."

धाकटी जागची हलली नाही. तिनं टोकं सोडली नाहीत, आणि ती पुढंही आली नाही. थोरली आपली दोन टोकं घेऊन चालत चालत तिच्यापर्यंत आली, तिच्या बोटांत ती टोकं दिली, खाली लोंबणारी दुमड उचलून घेतली आणि परत आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

"आटप गं. ढीग पडलाय."

साहेब, रविवारी पोर फाटकाशी येईल आणि समोर काकू उभी असेल. ती विचारेल, आई कुठाय, येते म्हणाली होती ना. काकूला खोटं बोलता येत नाही, आणि ज्यांना करच नव्हता त्यांना सूट कशाला सांगितली, ते तिला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. काय सांगायचं पोरीला, ते रविवारच्या आत कळवा.