जड ब्रेक

“इंजिन चालू राहू दे आणि दाबा,” बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता भिकू शिगवण म्हणाला.

सत्यवती घरतनं सगळा जोर लावून ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं लागत होतं. बॉनेटखालून बारीक फुसफुस ऐकू आली.

“सापडलं,” भिकू म्हणाला.

ती सकाळीच उरणहून एकटी निघाली होती. म्हसळ्याला तिच्या मुलीला, प्राप्तीला, कळा सुरू झाल्या होत्या. पेण सोडल्यावर ब्रेक जड लागायला लागला. माणगावच्या अलीकडे पुढच्या टेम्पोवर गाडी आदळता आदळता राहिली. अजून म्हसळ्याकडचा घाट बाकी होता. हायवेला लागून भिकूचं गॅरेज दिसलं, तशी तिनं गाडी आत घेतली.

भिकूनं तिला पाइप दाखवला. इंजिनाकडून निघून घमेल्याएवढ्या काळ्या डब्यात जाणारा. “हा बूस्टर, ताई. पायाला जोर देतो. पाइपला चीर पडलीय, हवा खातोय. ब्रेक गेलेला नाही. मदत गेलीय.”

“काय बोललात?”

हायवेवरून ट्रेलर जात होता. भिकूनं पुन्हा सांगितलं. तिला या खेपेलाही अर्धंच कळलं, पण माणूस जाणता दिसत होता.

“नीट होल ना?”

“पाइप बदलला की झालं.”

तिनं जावयाला फोन लावला. प्राप्तीला आत घेतलं होतं, अजून काही कळत नव्हतं. सत्यवती टायरांच्या ढिगावर बसली, उठली आणि परत बसली.

गॅरेजच्या मागंच भिकूचं घर होतं. त्याची बायको दिपाली चहा घेऊन आली. भिकूनं उभ्या उभ्या चहा घेतला आणि थोडा शर्टावर सांडला.

“लक्ष कुठंय तुमचं?” दिपाली म्हणाली.

“यांना घाई आहे,” भिकू म्हणाला आणि कामाला लागला.

पाना हातातून निसटला. त्यानं हात पुसले, पाना उचलला, तो पुन्हा निसटला. ऑइलच्या हातांनी व्हायचंच. शेवटी नवा पाइप बसला, क्लिपा आवळल्या गेल्या. फुसफुस बंद झाली.

सत्यवतीनं गाडी चालू करून ब्रेक दाबला. तिचा चेहरा सैल झाला.

“हलका झाला. चावी लावलेलीच राहू दे, मी निंगते.”

“थांबा. मी बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही.”

तिला उतरवून तो आत बसला. बसताना एक चप्पल खालीच राहिली. त्यानं इंजिन बंद करून पेडल पुन्हा पुन्हा दाबून कडक केलं आणि त्यावर पाय ठेवून चावी फिरवली. पाइप ठीक असेल तर इंजिन लागताच पेडल पायाखाली जरा खाली बसतं. ते बसलं नाही. त्यानं जोर लावला. दगड.

“जड आहे,” तो म्हणाला.

“जड कसा? मी आता दाबला ना.”

“पहिल्यापेक्षा हलका म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.”

पाइपच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो भिकूनं बदलला. पुन्हा बसून बघितलं. पुन्हा तेच.

“बूस्टरच गेलाय,” तो उतरत म्हणाला. “आतला पडदा फाटला असणार. पनवेलहून मागवावा लागेल. गाडी इथंच ठेवा.”

“दादा, माझी पोर तिथं आडवी हाय.”

“म्हणूनच सांगतो. घाटात ब्रेक लागला नाही तर पोरीकडे कोण पोचणार?”

“ब्रेक लागतोय. बूस्टर विकायचा हाय तुमाला, दुसरं कायपण न्हाय.”

भिकूनं चावी खिशात टाकली. ब्रेकची शंका असलेली गाडी त्यानं आजवर कोणाला दिली नव्हती. एकदा लग्नाचं वऱ्हाड दिवसभर या आवारात बसवून ठेवलं होतं त्यानं. लोक शिव्या देत, आणि पुढच्या वेळी गाडी घेऊन त्याच्याकडेच येत.

“चावी द्या मना,” सत्यवती म्हणाली. तिनं आवाज चढवून हात पुढं केला.

आवाज ऐकून दिपाली कपबशा तशाच हातात घेऊन बाहेर आली. काय झालं ते तिनं दोघांकडून ऐकलं. गाडी चालवायला ती याच आवारात शिकली होती. भिकू कामात असला की गिऱ्हाइकांच्या गाड्या मागंपुढं तीच करायची.

“यांनाच बसवा,” सत्यवती म्हणाली. “या सांगतील तसं.”

भिकूनं चावी काढून दिली. दिपाली बसली, गाडी चालू केली, ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला.

“काय?” भिकूनं विचारलं. “जड आहे ना?”

दिपालीनं पेडलवरचा पाय काढला आणि भिकूकडे नीट बघितलं. शर्टावरच्या डागाकडे, मग तोंडाकडे. उजवीकडचा ओठ खाली ओघळला होता. ती उतरली. इंजिन चालूच ठेवलं.

“अहो, बसा परत.”

“आता कशाला?”

“बसा तर. आणि डाव्या पायानं दाबा.”

भिकू वैतागून बसला. त्यानं डावा पाय उचलून पेडलवर ठेवला. पेडल अलगद खाली गेलं आणि जिथं थांबायला हवं तिथं थांबलं.

त्यानं पुन्हा उजवा पाय ठेवला. तो नुसता ठेवलेलाच राहिला.

सत्यवतीनं मागचं दार उघडलं आणि त्याला उठवायला हात पुढं केला. “ह्यो लकवा हाय. दवाखाना कंच्या बाजूला?” तिनं दिपालीला विचारलं.