आवाजावर चालणारं घर

“पडदा उघड,” पार्वतीबाई म्हणाल्या. पडदा सरकला.

“उघडला, आई,” छतातल्या स्पीकरमधून विकीचा आवाज आला.

“एकदम बढिया, अम्मा! अब पंखे को बोलो,” श्रीलता म्हणाली. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला. विकी, पार्वतीबाईंचा मुलगा, भिंतीला टेकून हसत होता. मलकपेठेतल्या या तळमजल्याच्या घराच्या रचनेबद्दल त्याला बक्षीस मिळालं होतं आणि श्रीलता त्याचीच फिल्म करायला आली होती.

मणक्याच्या दुखण्यानं पार्वतीबाईंचे पाय गेले, तेव्हा विकीनं नोकरी सांभाळून हे घर नव्यानं उभं केलं. ओटा त्यांच्या खुर्चीच्या उंचीला आणला. न्हाणीत धरायला दांडे बसवले. उंबरे काढून टाकले. बाजारातल्या यंत्राला त्यांचं नांदेडकडचं बोलणं कळेना, म्हणून त्यानं स्वतः यंत्र शिकवलं. त्याची उत्तरंही आपल्याच आवाजात भरली. दिवसभर एकटी असते, तिला आपलं माणूस बोलल्यासारखं वाटावं म्हणून. प्रत्येक वस्तू कुठे हवी, हे त्यानं आईला विचारूनच ठरवलं.

फक्त दाराचं विचारलं नव्हतं.

दाराचं कुलूप विकीच्या फोनवर होतं. दूधवाला आला, गॅस आला, की तो ऑफिसातून कॅमेऱ्यात तोंड बघायचा आणि उघडायचा. त्याला कारण होतं. खुर्ची नवीन असताना पार्वतीबाई एकट्या बाहेर पडल्या, कोपऱ्यावरच्या उघड्या गटारात चाक गेलं आणि मनगट मोडलं. त्या गटारावर नंतर फरशी पडली. कुलूप राहिलं.

धूर झाला तर दार आपोआप उघडायचं. तेवढी सोय विकीनं केली होती. एकदा पार्वतीबाईंनी मुद्दाम पापड जाळला. धूर पुरला नाही.

मांडीवरचा फोन वाजला. पलीकडून भामाबाई. मागच्या गल्लीत बुद्धविहार, तिथं रविवारची वंदना पूर्वी पार्वतीबाईच सांगायच्या. त्या एक ओळ म्हणायच्या, मागून सगळ्या बाया.

“पारू, विहाराचा सिमेंटचा उतार वाळला गं! मी सोता चालून बघितलं, पाय घसरत नाही. तुझी गाडी सरळ आत. निघालीस का?”

“घरात शूटिंग चालूय.”

“हौ, तू आता हीरोइन! पण वंदना कोण सांगणार? मागच्या बारीला रमाबाईनं सांगितली, मधेच विसरली. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसल्या. तुझ्यासाठी पायऱ्या फोडल्या बाई आम्ही. का लेकाची परवानगी निघत नाही?”

भामाबाईंचा आवाज फोनबाहेर ऐकू जात होता. विकीनं ऐकलं.

“येते,” पार्वतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“आई, आज कसं जमणार? हे लोक आलेत.” विकीचा स्वर मऊच होता. तो आईशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. “पुढच्या रविवारी मी स्वतः नेतो. नक्की.”

“मागच्या रविवारी काय म्हणाला होतास?”

“मागच्या रविवारी मला काम निघालं ना गं.”

ते खोटं नव्हतं. दर रविवारी खरंच काहीतरी निघायचं. भांडावं असं त्यात काही सापडत नसे आणि तेच अवघड होतं. शेजारणी म्हणायच्या, असा मुलगा नशिबानं मिळतो. पार्वतीबाई मान डोलवायच्या. मग शेजारणी उठायच्या, विकी ऑफिसातून दार उघडायचा, त्या जायच्या, आणि दार लागायचं.

पंखा झाला. गॅस झाला. न्हाणीतला गिझर झाला. प्रत्येक वेळी वरून विकीचा आवाज “लावला, आई,” “झालं, आई” म्हणत होता आणि श्रीलता दर खेपेला छातीवर हात ठेवत होती.

“बेटे की आवाज में पूरा घर! विकी गारू, लोग देखके रोते,” ती म्हणाली. “बस, आखरी शॉट. अम्मा अकेली बाहर जाते सो. आझादी, समझे ना? उसी पे फिल्म खतम.”

विकीनं चटकन खिशातून फोन काढला. “मी उघडतो. आई, दार उघडलं की तू फक्त पुढे ये. कोपऱ्यापर्यंत नको, दारातच थांब.”

पार्वतीबाईंनी खुर्ची दाराकडे वळवली. दाराचं उत्तर त्यांना पाठ होतं. विकीनं ते एकदाच भरलं होतं, कामाच्या घाईत, इतर पन्नास उत्तरांबरोबर. पुन्हा ऐकायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याच्याकडे फोन होता.

“तो फोन खिशात ठेव,” त्या म्हणाल्या. “घर माझं ऐकतं म्हणून सांगतोस ना सगळ्यांना? मीच सांगते त्याला.”

“आई, दाराचं तसं नाही...”

“रोलिंग,” कॅमेरावाला म्हणाला.

“दार उघड,” पार्वतीबाई म्हणाल्या.

दार हललं नाही. वरून विकीचा आवाज आला, मऊ, मायेचा, थोडा घाईतला:

“आत्ता नको, आई. मी घरी आलो की आपण दोघं जाऊ.”

श्रीलतानं वर पाहिलं, मग विकीकडे. कॅमेरा चालूच होता. विकी आईच्या मागे फोन हातात धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता.

“दार उघड,” पार्वतीबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी छताकडे तोंड करून नाही. मान वळवून, घरी आलेल्या मुलाला.