विटेची साल

अमेरिकेत इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाने शंभर वर्षं जुनी विटांची इमारत घेतली आणि गणपतीच्या फोटोत समोरची भिंत नवीकोरी दिसावी म्हणून तिचं सँडब्लास्टिंग करायचं ठरवलं. विटा तपासणाऱ्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या प्रतिमाकाकू मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या.

"अरे, एवढ्या दाबाने वाळू मारलीत तर विटेची भाजलेली साल निघून जाईल. आतली वीट मऊ असते. ती पाणी पिणार, थंडीत ते पाणी गोठणार आणि वीट फुटणार!"

"काकू, किती टेन्शन घेता!" अध्यक्ष सत्यजित हसला. "तुम्ही मोदकांचं बघा. टेक्निकल आम्ही हँडल करतो."

आम्ही म्हणजे चार सॉफ्टवेअरवाले.

भिंत लालबुंद निघाली, फोटोला सातशे लाइक्स आले. मग इलिनॉयचा हिवाळा आला. मार्चमध्ये पायऱ्यांवर विटांच्या पापुद्र्यांचा सडा पाहून काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूठभर पापुद्रे त्यांनी सत्यजितच्या टेबलावर आपटले.

"आता तरी ऐकणार आहेस का?"

"सॉरी काकू, चुकलंच आमचं," तो वरमला. "आजच इमर्जन्सी मीटिंग घेतो."

मीटिंग झाली. समोरची भिंत आता इतर भिंतींपुढे फारच वाईट दिसते, यावर तासभर कळकळीने चर्चा झाली आणि काकूंचं मत वगळता एकमताने ठराव मंजूर झाला:



सगळ्या भिंती सारख्या दिसाव्यात म्हणून उरलेल्या तिन्ही भिंतींचंही सँडब्लास्टिंग करावं.