सशाचं दार

“ताई, हाच अंक मोबाईलवर वीस रुपयांना मिळतो. माझ्याकडे दोनशे पडतील,” जुन्या कॉमिक्सचा विक्रेता म्हणाला. “पण बघा, एक रेघ नाही. भूलभुलैयाचं पानसुद्धा कोरं.”

“लिहिलेला नाही का एखादा?”

तो हसला. “रेघोट्यांचे पैसे कोण देणार? तसले अंक आम्ही निवडून कागदाच्या लगद्याला पाठवतो.”

माझ्या शाल्मलीच्या दम्याला धूळ चालत नव्हती. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिचे सगळे अंक मी रद्दीत दिले आणि तेच स्वस्तात मोबाईलवर घेतले. “पण यात माझं दार नाहीये, आई,” ती कुरकुरली होती. भूलभुलैयात ती कधी वाट शोधायचीच नाही. पेन्सिलीने सरळ भिंतीत दार काढून सशाला बाहेर न्यायची.

ती गेली त्याला आज चार महिने झाले. तिच्या हातचं ते दार मी इथे शोधत होते.

दोनशे रुपये देऊन कोरा अंक घरी आणला. तिच्या पेन्सिलीला टोक केलं. ससा मधोमध अडकलेला होता. दार तिने कोणत्या भिंतीत काढलं होतं, ते मला आठवेना.