वेणूताईंचा टाळ

या, जरा पुढे सरकून बसा, एक गोड गोष्ट सांगतो.

देवळाच्या बैठकीत चंद्रावरच्या वेणूताईंचा आवाज नेहमी उशिरा पोचायचा. तोवर इथले बोलून मोकळे! म्हणून दामू कासाराने त्यांच्या रिकाम्या पाटाशी टाळांची एक जोडी टांगली. तिकडे वेणूताईंनी बोलायला श्वास घेतला, की त्यांचा आवाज पोचायच्या आधीच इथे टाळ आपोआप वाजत.

त्या दिवशी अध्यक्ष अप्पा म्हणाले, "कीर्तनाला चार डोकी येतात. बंदच करूया. मंजूर?"

टाळ किणकिणले. कीर्तनातल्या सवयीने सगळे गप्प झाले.

"अप्पा, डोकी मोजताना वर बघितलंत का? इथं खाणीतली अख्खी शिफ्ट काम थांबवून ऐकते!"

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"बोलू कधी दिलंत?"

अप्पांसकट सगळे खळखळून हसले. कीर्तन चालू राहिलं. त्या कीर्तनात टाळी वाजवाल, तेव्हा दामू कासाराची आठवण ठेवा.