टोपीवरचा दाणा

हिरावहिनीच्या पोटातलं बाळ परवापासून हललं नव्हतं. दादा तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर. तिचं मन रमावं म्हणून शेजारच्या येसूबाई तिला बाळटोपीवर क्रोशाचा दाणा शिकवत होत्या. विणीच्या एकाच घरात खांबाचे, म्हणजे उभे, टाके दाटीनं घालून सुई ओढली, की दाणा फुगून वर येतो. वहिनीचे दाणे सुक्या बोंबलासारखे चपटे.

"टोपी नाय, पापड हाय," मी म्हणालो.

"गप रे!" येसूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात एक दाणा फुगला. वहिनीनं दाबला, तर शेजारचा फुगला. येसूबाईंनी टोपी उलटून पाहिली. आत काहीच नव्हतं.

"घट ओढलास गो?"

"सुई खाली पडलीय, मावशी."

वहिनीनं टोपी पोटावर दाबून धरली. दाण्यानं तिच्या तळहाताला लाथ मारली.

मग पोटातून उत्तर आलं.