गाळलेली कडवी

शाळेच्या स्नेहसंमेलनातून परतताना रिक्षात सासूबाई बाहेर बघत बसल्या होत्या. संगीत शिकवणारी हेमलता पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे बघत होती. त्यांचंच जात्यावरचं गाणं तिने पाचवीच्या मुलींकडून पेटी-बासरीसह बसवून घेतलं होतं. सासूला शिव्या घालणारी कडवी तेवढी गाळली होती. कारण पहिल्या रांगेत सासूबाईच बसणार होत्या.

"आवडलं नाही का, आई?"

"मुली गोड गायल्या. पण ती सून पहाटे उठून नुसती दळतेय. तिला जाच कुणाचा, तेच कळत नाही."

हेमलता ओशाळली. "तुम्हाला लागेल म्हणून गाळली ती कडवी."

"मला कशाला लागेल? मीच जोडली होती ती. माझ्या सासूवर."

सासूबाईंनी पदर सावरला.

"पुढच्या वर्षी घाल. फक्त आधी माईकवर तिचं नाव सांग, नाहीतर सगळे माझ्याकडे बघतील."